नर्मदेच्या काठी माणसाचा माग

पहिला दिवस : नागपूरहून भोपाळ

इटारसी सुटलं तेव्हा नुकतं फटफटलं होतं. फेब्रुवारीची थंडी अजून गेली नव्हती. होशंगाबाद (सरकारी नाव आता नर्मदापुरम) मागे पडलं, गाडी नर्मदेच्या पुलावर आली आणि डब्यातल्या बायकांनी खिडकीतून नाणी टाकून हात जोडले. बुधनीनंतर घाट लागतो. सागाचं जंगल, बोगदे, आणि बरखेड्याच्या पुढे डोंगरमाथ्यावर उभे ठाकलेले वालुकाश्माचे प्रचंड खडक. १९५७ साली या रेल्वेमार्गावरून जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांची नजर या खडकांवर पडली. नीमचला मराठी घरात जन्मलेले, उज्जैनला स्थायिक झालेले, शैलचित्रांच्या शोधात रानोमाळ हिंडणारे हरिभाऊ. असे खडक आहेत तिथे निवारे असणार आणि निवारे आहेत तिथे माणूस राहिलेला असणार, एवढ्या अंदाजावर ते उतरले आणि पायी निघाले. ती जागा म्हणजे भीमबेटका.

माझा दादा नागपुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांतून येणारे सिकल सेलचे नमुने तपासणं हे त्याचं रोजचं काम. मी कॉलेजात इतिहास शिकवते. माणूस कुठून आला, यावर आमच्या घरी ताटावर बसून वर्षानुवर्षं वाद होतात. तो रक्ताच्या बाजूनं बोलतो, मी खापरांच्या. दोन्ही बाजूंचा पुरावा एका नदीच्या खोऱ्यात जागेवर पाहता येतो, म्हणून नर्मदा ठरली.

भोपाळात सामान टाकून थेट शामला टेकडीवर गेलो. मोठ्या तलावाच्या वर, सुमारे २०० एकरांत इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पसरलं आहे. सोमवारी बंद असतं. उघड्यावर निरनिराळ्या जमातींची घरं आहेत, आणि ती त्या त्या लोकांनी स्वतः येऊन बांधली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. संथाळांचं घर, बोडो कछारींचं घर, लोखंड गाळणाऱ्या अगारियांचं घर. आवारातच चित्रं काढलेले प्राचीन शैलाश्रयही आहेत. माणसाचं संग्रहालय उभारायला याहून योग्य जागा सापडली नसती.

दादा मात्र आत उत्क्रांतीच्या दालनात कवट्यांपाशी थांबला तो हलेचना.

"हे बघ, मेंदू नंतर वाढला. आधी पाय बदलले."

टांझानियात लाएतोलीला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं साधारण ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत आणि ती दोन पायांवर चालणाऱ्यांची आहेत. १९७४ साली इथिओपियात जिचा सांगाडा सापडला ती लूसी ३२ लाख वर्षांपूर्वीची. तीही ताठ चालायची, पण तिचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फार मोठा नव्हता. आपला साधारण १३५० घनसेंटिमीटर. ताठ चालायचं तर ओटीपोटाची हाडं आटोपशीर हवीत, आणि मेंदू वाढला की बाळाचं डोकं मोठं होतं. या ओढाताणीमुळे माणसाचं बाळंतपण इतकं अवघड आणि माणसाचं पोर इतकं परावलंबी, असं पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं. आपलं पोर वर्षभर कडेवर.

"एकटीनं होण्यासारखं काम नाही ते," दादा म्हणाला. "आजी लागते, मावशी लागते, शेजारीण लागते."

"मग माझा विषय इथून सुरू होतो की रे दादा!"

संध्याकाळी तलावाकाठी तो सिकल सेलवर बोलत राहिला. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक, त्यामुळे प्रथिनातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आईवडील दोघांकडून हे जनुक आलं तर आयुष्यभर वेदना. एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट राहतो, आणि हिवतापाचा जबर फटका त्याला सहसा बसत नाही. म्हणून हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकलं. भारतात आणि अरबस्तानात आढळणारा त्याचा प्रकार आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळा ओळखता येतो. जंगल, पाणथळ जागा, डास आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली माणसं यांची ही नोंद कुठल्याही बखरीत नाही. ती दादाच्या काचपट्टीवर आहे.

दुसरा दिवस : भीमबेटका

भोपाळपासून पंचेचाळीसेक किलोमीटर, ओबेदुल्लागंजच्या पुढे. सकाळी लवकर निघालो, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. ऊन तिरपं असताना गेरूचा लाल रंग खडकातून वर येतो, दुपारी तो विरून जातो.

नुसत्या भीमबेटका टेकडीवर २४३ शैलाश्रय मोजले गेले आहेत. आजूबाजूच्या टेकड्या धरल्या तर आकडा सातशेच्या वर जातो. पर्यटकांसाठी पंधराएक खुले आहेत. २००३ मध्ये युनेस्कोनं ही जागा जागतिक वारशात घेतली. पहिलाच मोठा निवारा म्हणजे सभागृह गुहा, आरपार उंच बोगद्यासारखी. तिच्या एका भिंतीवर लहान मुलाच्या पंजाचा ठसा आहे. दादानं आपला हात त्याच्यासमोर धरला, न लावता. चार-पाच वर्षांचं पोर असावं, म्हणाला. बोटं किंचित फाकलेली. कुणीतरी मोठ्यानं त्याला उचलून धरलं असणार असं मला वाटलं.

याच गुहेत विज्ञानानं स्वतःला दुरुस्त केल्याची एक ताजी गोष्ट घडली आहे आणि ती मी वर्गात सांगणार आहे. २०२० साली काही भूवैज्ञानिकांना इथल्या खडकावर पानासारखा ठसा दिसला. ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राण्याचा तो जीवाश्म असल्याचा निबंध छापून आला आणि जगभर बातमी झाली. पुढे दुसरा गट आला, त्यानं ठसा जवळून तपासला. ते होते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष. मूळ दावा करणाऱ्यांनीही ते मान्य केलं. त्या आश्रयाच्या माथ्यावर आजही आग्या मोहोळं लटकलेली दिसतात, आणि चित्रांतही मध काढणारी माणसं आहेत.

आता चित्रांकडे. झू रॉक म्हणतात त्या निवाऱ्यात जनावरांची दाटी आहे. हत्ती, गवे, हरणं, सांबरं. काही पांढऱ्या रंगात, काही लाल. एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं. खालच्या थरात शिकारी आणि त्यांची जनावरं, वरच्या थरात घोडेस्वार, ढाली, तलवारी. घोडेस्वार आला म्हणजे इतिहासकाळ आला. सर्वांत जुनी चित्रं मध्याश्मयुगातली मानतात, वरची अगदी अलीकडच्या काही शतकांपर्यंत येतात. इतक्या काळात कुणीही आधीचं चित्र खरवडून काढलेलं नाही. नव्यानं आलेल्यानं त्याच भिंतीवर आपली भर घातली. डेक्कन कॉलेजात पीएच.डी. करताना यशोधर मठपालांनी ही चित्रं एकेक करून जलरंगात उतरवली, तेव्हा हे थर अभ्यासाला नीट हाती आले.

चित्रांहून मोठी गोष्ट पायाखाली आहे. सत्तरच्या दशकात वाकणकरांनी आणि डेक्कन कॉलेजच्या वी. एन. मिश्रांनी इथे उत्खननं केली. सर्वांत खाली क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या, म्हणजे रुंद धारेच्या कुऱ्हाडी. त्यावर छिलक्यांची हत्यारं, त्यावर पाती, आणि वर कॅल्सेडनीची नखाएवढी सूक्ष्मास्त्रं. एकाच छपराखाली लाखभर वर्षांहून जास्त काळाचा संसार. आमच्याबरोबरचा मार्गदर्शक प्रत्येक ठिकाणी "हमारे पूर्वज" म्हणत होता आणि आपुलकीनं म्हणत होता. पण इथे थोडं थांबायला हवं. आपल्या जातीचा, होमो सेपियन्सचा, सर्वांत जुना ज्ञात पुरावा मोरोक्कोत जेबेल इरहूदला आहे, साधारण ३ लाख वर्षांचा. आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचे बहुतेक पूर्वज साठ-सत्तर हजार वर्षांच्या आसपास आफ्रिकेतून बाहेर पडले. भारतात हातकुऱ्हाडी त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला त्या सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या निघाल्या. म्हणजे भीमबेटक्याच्या तळाशी ज्यांनी दगड घडवला ते माणूस होते, पण बहुधा आपण नव्हतो.

भीमबेटक्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही मिळाले आहेत. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण्यालाही असंच कवच सापडलं, त्यावर तर नक्षी कोरलेली. त्या काळी खानदेशात शहामृग धावत होते आणि कुणाला तरी त्यांच्या अंड्याचा मणी करून घालावासा वाटत होता. इथून पुढचा माणूस मला ओळखीचा वाटतो.

परत येताना दादाला विचारलं, मग आपल्या रक्तात कोण? तो म्हणाला, भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांत आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) डीएनएची एम नावाची शाखा आहे, आणि तिची मुळं आफ्रिकेबाहेर पडलेल्या त्या पहिल्या पिढ्यांपर्यंत जातात. "म्हणजे त्या पोराच्या पंजाशी नातं सांगायला हरकत नाही," एवढं बोलून तो डुलक्या घेऊ लागला.

तिसरा दिवस : आदमगड आणि हथनोरा

आदमगडची टेकडी होशंगाबादला लागूनच आहे. चित्रं बरीच पुसट झाली आहेत. १९६०-६१ मध्ये र. वि. जोशी आणि खरे यांनी केलेल्या उत्खननामुळे ती महत्त्वाची ठरली. सूक्ष्मास्त्रांच्या सोबतीनं पाळीव जनावरांची हाडं निघाली, कुत्रा, गाय-बैल, शेळी-मेंढी. शिकार सुटली नव्हती आणि दावणही आली होती. दूध पचवण्याची ताकद मोठेपणी टिकवणारा जनुकीय बदल भारतात आणि युरोपात एकच आहे, असं दादानं सांगितलं. वायव्येकडे तो जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. गुरं माणसानं पाळली आणि गुरांनी माणसाचं पोट बदललं.

तासाभरात आदमगड आटोपून पूल ओलांडला आणि बुधनीकडून हथनोऱ्याची वाट धरली. हा सीहोर जिल्हा. ज्या गव्हासाठी आपल्याकडे बायका दुकानदाराला "सिहोरच द्या" म्हणून बजावतात, तो हा मुलूख. दोन्हीकडे ओंब्या भरत आल्या होत्या. दादानं एका शेतकऱ्याला विचारून ओंबी घेतली आणि चोळली. दाणे हातात आले, पण मधला दांडा तसाच राहिला. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दांडा आपोआप तुटतो आणि दाणे मातीत सांडतात. रोपाच्या दृष्टीनं तेच बरं. पश्चिम आशियात दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी काही रोपांत हा तुटण्याचा गुण बिघडला. रानात ती रोपं टिकली नसती. पण कापणी करून घरी नेणाऱ्या माणसाच्या पेंढीत तीच ओंबी शाबूत पोहोचली, तीच पुढच्या वर्षी पेरली गेली. कुणी ठरवून केलेलं नाही. आपल्या पोळीचा गहू आता माणसानं पेरल्याशिवाय उगवत नाही, आणि पेरणाऱ्यालाही त्याच्यापायी एका जागी राहावं लागलं.

हथनोरा लहानसं गाव आहे, नर्मदेच्या उत्तर काठावर. काठावर गाळाची उंच दरड, आणि तिच्या पायथ्याशी गोट्यांचा थर, पिंडाश्म. गोटे एकमेकांना असे घट्ट चिकटलेले की नखानं एकही सुटत नाही. अकीक, गारगोट्या, क्वार्टझाइट, काळा बेसाल्ट. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना अशा थरात एका कवटीचा उजवा अर्धा भाग मिळाला. चेहरा नाही, जबडा नाही, फक्त डोक्याची टोपी. भारतीय उपखंडात इतक्या जुन्या माणसाच्या कवटीचा मोठा अवशेष एवढाच. पुढे मानवशास्त्रज्ञ अनेक राम संख्यान यांना याच परिसरात गळ्याजवळचं हाड मिळालं.

सोनकियांनी आधी ती कवटी होमो इरेक्टस या आपल्याआधीच्या मानवजातीची मानली. १९९१ मध्ये केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजमाप करून तिला प्राचीन सेपियन्स म्हटलं. मेंदूचे अंदाज ११५५ पासून १४२१ घनसेंटिमीटरपर्यंत आहेत, म्हणजे वरचा आकडा थेट आपल्यात बसणारा. भुवयांवरचा कंगोरा मात्र जाड. कवटी बहुधा बाईची, तिशीच्या आसपासची. कवटी किती जुनी यावर एकमत होत नाही, कारण नदी जुने थर उकरते, पुढे नेते आणि नव्या वाळूत पुरते. घडणीवरून बहुतेक अभ्यासक तिला मध्य प्लाइस्टोसीन काळात, म्हणजे काही लाख वर्षं मागे ठेवतात. त्याच थरांतून स्टेगोडॉनसारख्या नामशेष हत्तींची हाडं आणि हातकुऱ्हाडीही येतात.

मी दरडीखाली बराच वेळ उभी होते. युरोप-आशियातल्या लोकांत निअँडरथल या नामशेष मानवजातीचा एक-दोन टक्के वारसा आहे, हे निअँडरथलांच्या हाडांतल्या डीएनएवरून कळलं. या बाईच्या हाडातून असं काही मिळालेलं नाही. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर मोडतो. तिचे लोक आपल्यात मिसळले की आपल्या आधीच संपले, हे सांगणारं कुणी नाही. पण ती इथे होती. याच पाण्यावर आली असेल, याच गोट्यांतला एक उचलून दुसऱ्यावर आपटला असेल. आपल्या देशाचा इतिहास सांगताना 'मूळचे कोण' यावर लोक हमरीतुमरीवर येतात. त्या प्रत्येकाला मला या दरडीखाली आणून उभं करावंसं वाटतं. इथे आपण सगळेच नंतर आलेलो आहोत.

वाळवंटात टरबुजाच्या वेली लावणारा एक जण कामावरून उठून आला. "पढ़े-लिखे लोग आते हैं, पत्थर देखते हैं," म्हणाला, आणि चहाला चला म्हणून आग्रह करू लागला. गेलो. त्याच्या सुनेनं गूळ घातलेला चहा दिला आणि दादानं डॉक्टर म्हणून तिच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं ऐकून घेतलं.

चौथा दिवस : प्रवास

सगळा दिवस गाडीत गेला. इंदूरला जेवण, मग घाट उतरून निमाड. विंध्य मागे राहिला, ऊन वाढलं, कपाशीची वाळकी शेतं दिसू लागली. संध्याकाळी महेश्वरला पोहोचलो तेव्हा घाटावर आरती सुरू होती.

पाचवा दिवस : महेश्वर आणि नावडातोली

अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट यांवर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. आम्ही सकाळीच नाव ठरवून पलीकडे गेलो. दक्षिण काठावर महेश्वरच्या समोर नावडातोली आहे. बघण्यासारखं काय, असं नावाडी आम्हांला विचारत होता, कारण वरवर पाहता तिथे पांढरीची टेकाडं आहेत, बस. पण ह. धी. सांकळियांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७-५९ मध्ये डेक्कन कॉलेज आणि बडोद्याच्या विद्यापीठाच्या लोकांना घेऊन इथे खोदलं, आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक अख्खं खेडं वर आलं. गोल आणि चौकोनी कुडाची घरं. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी काढलेली भांडी, लांब पन्हळीसारख्या तोटीचे पेले. तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या, पण तांबं महाग, म्हणून रोजच्या कामाला दगडाची सूक्ष्मास्त्रंच.

मला सर्वांत आवडतात ते जळून कोळसा झालेले दाणे. गहू, मसूर, उडीद, मूग, वाटाणा, लाख, जवस, बोरं, आवळा. तांदूळ नंतरच्या थरात येतो. ही यादी वाचली की आपल्या कोठीच्या खोलीत शिरल्यासारखं होतं. राजे, लढाया, सनावळ्या काही नाही, पण जवसाची चटणी विदर्भात आम्ही आजही खातो.

टेकाडावर बाभळीच्या सावलीत बसून दादानं जनुकांचा हिशेब या खेड्याशी जुळवून दाखवला. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या नगरातल्या एका बाईच्या सांगाड्यातून मिळालेला जीनोम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिमेकडच्या इराणी लोकांशी दुरून नातं सांगणारा वारसा आणि इथल्या जुन्या शिकारी-संग्राहकांचा वारसा आहे, गवताळ स्टेपमधल्या पशुपालकांचा नाही. तो नंतर मिसळला. २०१३ च्या एका अभ्यासानुसार भारतातल्या दोन मोठ्या वंशधारांची सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली आणि मग जातीबाहेर लग्नं थांबत गेली तशी ती आटली. नावडातोलीचं खेडं या सरमिसळीच्या ऐन काळातलं. इथे चूल पेटवणाऱ्या बाईच्या कुळात कोण कोण होतं, हे तिला विचारलं असतं तर तिनं एखाद्या गावाचं नाव सांगितलं असतं, फार तर दोन गावांचं.

नावडातोलीच्या या राहणीला माळवा संस्कृती म्हणतात. तिचेच लोक, किंवा निदान त्यांची भांडी आणि राहणी, पुढे दक्षिणेला महाराष्ट्रात उतरली. प्रवरेकाठी दायमाबाद, घोड नदीकाठी इनामगाव. इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चाललं. इ. स. पू. १६०० च्या सुमाराला तिथे माळव्याची वस्ती सुरू होते, मग जोर्वे नावानं ओळखला जाणारा पुढचा काळ येतो. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत लहान मुलं पुरलेली. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून मग पुरलेले. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा अर्थ काहींनी लावला आहे. पण त्याला घरातच ठेवायचं, लांब न्यायचं नाही, ही ओढही त्यात मला दिसते. पुढे पाऊस कमी झाला, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचा भर ओसरून शिकार आणि गुरं यांवर लोक आले, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमाराला गाव ओस पडलं.

दादानं तिथेच बसून पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाला कधी जाता येईल याची चौकशी सुरू केली. इनामगावच्या सांगाड्यांच्या दातांवर काम झालं आहे. खाणं बदललं की दातांची कीड आणि झीज बदलते, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. मला ते रांजण बघायचे आहेत. उन्हाळी सुट्टी लागली की जाऊ असं ठरलं आणि नावाड्यानं खालून हाक दिली, ऊन चढायच्या आत पलीकडे सोडायचं होतं त्याला.